हेपेचे डोळे आणि कॅप्टनची थुंकी

हेपेचे डोळे लाल झालेत हे घरात सगळ्यात आधी कोन्सिंगच्या लक्षात आलं, आणि नेमकं तिच्याच लक्षात यायला नको होतं. सकाळी कॉफीत पाव बुडवता बुडवता ती थांबली, टेबलाखाली वाकली, आणि पुन्हा सरळ होऊन नवऱ्याला म्हणाली, "लांगा, तुझ्या कुत्र्याचे डोळे आलेत."

लांगा म्हणजे लाडक्या. लग्नानंतरची पहिली काही वर्षं कोन्सिंग हा शब्द त्याच अर्थानं वापरत असे. हल्ली तो नोटिशीच्या मथळ्यासारखा येई, आणि खालचा मजकूर काय असणार याचा अंदाज देल्फिन सुमागायसायला लगेच येई.

"इकाय पंधरवड्यानं येतेय, बाळाला घेऊन," कोन्सिंगनं मजकूर वाचायला घेतला. "आपल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, आपल्या अंगणात जेवण. डोळे आलेलं जनावर मी तान्ह्या बाळाच्या आसपास ठेवणार नाही. तोवर बरा झाला तर राहू दे. नाही तर पोली जेवायला येणारच आहे, जाताना त्याला गिमारासला घेऊन जाईल. मी सांगून ठेवलंय त्याला."

इकाय म्हणजे त्यांची मुलगी, आणि पोली म्हणजे कोन्सिंगचा धाकटा भाऊ. त्यांच्या इलोइलो शहरासमोरच्या गिमारास बेटावर त्याच्या आंब्याच्या बागा होत्या आणि त्या राखायला साखळीला बांधलेले कुत्रे होते. सगळे दणकट, सगळे तापट. त्यांच्यात हेपेचं काय होणार हे देल्फिनच्या डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं. हेपे म्हणजे पोलिसांचा साहेब. पिल्लू असताना तो ऐटीत चालायचा म्हणून हे नाव पडलं, पण पुढं त्या हुद्द्याला शोभेल असं त्यानं काहीच केलं नाही. तो शेजारच्या कोंबड्याला घाबरे, झाडूला घाबरे, आणि एकदा तर वाऱ्यानं उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीला घाबरून संबंध दुपार न्हाणीघरात बसून होता.

देल्फिननं उभा जन्म पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे काढला होता. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, बिल जास्त आलंय, काहीही असो, तो ऐकून घेई, मान हलवी आणि म्हणे, "नोंद घेतली." त्या खिडकीत रोज शंभर माणसं त्याची वाट बघत उभी राहत. निवृत्त झाल्यावर त्याची वाट बघणारा हा एकच प्राणी उरला होता, आणि आता तो बोटीनं गिमारासला निघाला होता. देल्फिनचे गुडघे लागलीच दुखू लागले. त्यानं हाप्लासची बाटली काढली आणि दोन्ही गुडघ्यांना खसाखसा तेल चोळलं. हाप्लास म्हणजे ते हिरवं, झोंबणारं, मेंथॉल आणि कापराचं तेल. त्याच्यावाचून त्या गल्लीत कोणी म्हातारं झालेलं नाही. सकाळी गुडघ्यांना, संध्याकाळी पाठीला, आणि काळजी लागली की कपाळाला, असा देल्फिनचा नेम होता. तेल लावून झाल्यावर त्यानं हेपेचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अंगठ्यांनी त्याच्या डोळ्यांतली घाण हळुवार पुसली. हेपेनं डोळे घट्ट मिटून घेतले. देल्फिनला वाटलं, मायेनं.

पहिला सल्ला फाटकाशीच भेटला. शेजारच्या नांग पासिंग झाडांना पाणी घालत होत्या. नांग म्हणजे ताई आणि नोंग म्हणजे दादा, वडीलधाऱ्यांच्या नावाआधी गल्लीत हे लागतंच. त्यांनी हेपेकडं एक नजर टाकली, बादली खाली ठेवली, घरात गेल्या आणि काळा चष्मा लावून परत आल्या. एवढ्यावरही भरवसा नसल्यानं त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"नोंग देल्फिन, त्याला माझ्याकडं बघू देऊ नका," त्या भिंतीला म्हणाल्या. "बघितलं की लागतात. माझ्या भाचीला बसमधल्या माणसाचे लागले. तो उतरून गेला तरी हिचे लालच."

"नांग, हा कुत्रा आहे."

"मग? कुत्र्याला डोळे नसतात? त्याला आईचं दूध घाला. डोळ्याला त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. लोर्लिनचं बाळ अजून अंगावर पितंय, तिच्याकडून चमचाभर मागून आणा."

लोर्लिन कोपऱ्यावर किराणा मालाचं छोटं दुकान चालवी. देल्फिन हातात वाटी घेऊन दुकानासमोर जाऊन उभा राहिला. लोर्लिननं हसून विचारलं, "काय देऊ, नोंग?" प्रश्न अगदी साधा होता. तक्रारीच्या खिडकीत जन्म गेलेल्या माणसाला खिडकीच्या या बाजूला उभं राहून काय मागावं हे सुचेना, आणि जे मागायचं होतं ते तर तोंडातून बाहेरच पडेना. त्यानं कपडे धुण्याचा साबण मागितला. लोर्लिननं विचारलं, "आणखी काही?" त्यानं आणखी एक साबण मागितला. मागं गिऱ्हाईकं जमली तशी त्यानं एक व्हिनेगरची बाटली आणि मीठही घेतलं, आणि वाटीत मीठ ओतून घेऊन घरी आला. वाटी न्यायला काहीतरी कारण हवं होतं.

"साबण आहे की घरात," कोन्सिंग म्हणाली.

"बाप्तिस्म्याला पाहुणे येणार आहेत," देल्फिन म्हणाला.

नांग पासिंगचा नवरा नोंग तास्यो बायकोच्या औषधांना हसत असे. तो बोटीवर इंजिनाच्या खात्यात होता आणि जगातल्या सगळ्या बंदरांतलं काही ना काही त्याच्या कपाटात होतं. संध्याकाळी तो कुंपणावरून वाकला. "बायकांचं ऐकू नकोस, देल्फिन. हे घे." त्याच्या हातात औषधाची एक इवलीशी बाटली होती. "रॉटरडॅमला माझा डोळा सुजला होता तेव्हा डॉक्टरनं दिलेलं. दोन थेंबांत मोकळा. डच औषध आहे, थट्टा नव्हे."

बाटलीवरचं लिखाण देल्फिनला वाचता आलं नाही, त्यामुळं त्याचा औषधावरचा विश्वास वाढला. त्यानं थेंब घातले. तासाभरात हेपेचे डोळे खरोखरच पांढरे झाले. देल्फिननं ते कोन्सिंगला दाखवले, नोंग तास्योला दाखवले, आणि खुशीत येऊन पाठीला जास्तीचं हाप्लास लावून घेतलं. पाठीला तेल लावायचं काम कोन्सिंगचं. दिवसभर दोघं एकमेकांशी बाजार, बिलं आणि गळका नळ यांपलीकडं फारसं बोलत नसत, पण रोज संध्याकाळी ती त्याच्या पाठीमागं स्टुलावर बसे आणि मानेपासून कमरेपर्यंत तेल जिरवी, आणि त्या वेळात दोघंही गप्प असले तरी त्यांना बरं वाटे. हेपे देल्फिनच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून झोपी जाई. सुखी कुटुंब याहून वेगळं काय असतं.

सकाळी हेपेचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते, आणि डावा उघडतच नव्हता. देल्फिननं पुन्हा एकदा डच थेंब घातले. हेपे टेबलाखाली गेला तो बाहेर येईना.

"याला दृष्ट लागलीय," भिंतीकडं तोंड करून नांग पासिंग म्हणाल्या. "उसोग आहे हा. कोणीतरी बाहेरच्यानं कौतुक केलं असणार आणि 'पुवेरा उसोग', दृष्ट न लागो, असं म्हणायला विसरला असणार. आठवा बघू."

आठवायला वेळ लागला नाही. निवडणूक तोंडावर आली होती आणि वस्तीचे, म्हणजे बारांगायचे, प्रमुख कॅप्टन ऊर्फ काप एर्मिन्दो दारोदार फिरून दिसेल त्याचं कौतुक करत होते. मागल्या आठवड्यात फाटकाशी थांबून त्यांनी हेपेच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि म्हटलं होतं, "काय डोळे आहेत. माणसासारखे." पुढं काही म्हटलं नव्हतं, कारण तेवढ्यात त्यांना समोरच्या घरातली म्हातारी दिसली.

"झालं तर," नांग पासिंग म्हणाल्या. "ज्यानं दृष्ट लावली त्याचीच थुंकी कपाळाला लावायची. दुसरा उपाय नाही."

देल्फिन सुशिक्षित माणूस होता. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण गिमारासची बोट डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि विश्वास नसतानाही एखादी गोष्ट करून बघायला कोणाची हरकत नसते. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, कपाळाला हाप्लास चोळलं आणि हेपेला दोरीनं ओढत बारांगायच्या कचेरीत गेला.

"काय काम आहे?" मेजावरच्या बाईंनी विचारलं.

"कापना भेटायचं होतं. खाजगी आहे."

"खाजगी कामं शुक्रवारी."

देल्फिननं इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्यांची थोडी थुंकी हवी होती."

त्याला वाटलं होतं बाई हसतील किंवा रागावतील. बाईंनी चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही. "माणसासाठी की जनावरासाठी?"

"जनावरासाठी."

"बसा. सकाळपासून दोन बाळं आणि एक झुंजीचा कोंबडा होऊन गेलाय. प्रचार सुरू झाल्यापासून हेच चाललंय. आम्ही त्यांना सांगतो, काप, कौतुक केलं की लगेच पुवेरा उसोग म्हणत जा. ते विसरतात. घसा कोरडा पडतो त्यांचा."

काप एर्मिन्दो बाहेर आले ते पाणी पितच. मतदारासाठी काहीही करायची त्यांची तयारी होती. त्यांनी अंगठा जिभेला लावला, हेपेच्या कपाळावर क्रूस काढला, आणि कचेरीतल्या पोरीला फोटो काढायला सांगितलं. फोटोसाठी ते हेपेच्या तोंडाशी तोंड नेऊन हसले, आणि मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"नोंग देल्फिन, हे तर डोळे आलेत."

"म्हणूनच आलो, काप."

"उद्या माझी मिरवणूक आहे हो." कॅप्टन चार पावलं मागं सरकले आणि खिशातला काळा चष्मा लावता लावता त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनं तातडीचा निर्णय दिला. सदर कुत्रा बरा होईपर्यंत गल्लीत फिरताना त्यानं काळा चष्मा लावावा. कुत्र्याला चष्मा मिळत नसल्यास गल्लीनं लावावा.

गल्लीनं लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला काळ्या चष्म्यात आला, लोर्लिन काळ्या चष्म्यात दुकानात बसली, आणि जवळच्या नातेवाइकाच्या अंत्यविधीला जमावेत तसे लोक गंभीर तोंडानं देल्फिनच्या घरावरून ये-जा करू लागले. ज्यांच्याकडं चष्मा नव्हता ते फाटकाशी आले की छत्री आडवी धरत. देल्फिनला हा पाणउतारा सहन होईना. त्यानं लोर्लिनच्या दुकानातून खेळण्यातला गुलाबी चष्मा आणला, त्याला जुन्या चड्डीचा इलॅस्टिक बांधला आणि हेपेला घातला. हेपेनं तो काढण्यासाठी आपलं तोंड आधी अंगणातल्या सिमेंटवर घासलं, मग कुंपणाच्या तारेवर. चष्मा निघाला. त्याच्याबरोबर डाव्या डोळ्याचं जे काय व्हायचं ते झालं, आणि आता त्यातून पाण्याची धारच लागली.

त्या दुपारी देल्फिन अंगणात खाली बसला आणि त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. गिमारास राहिलं बाजूला, हा आंधळाच झाला तर? त्याच्याशी दिवसभर बोलणारा, त्याला बटाट्याची सालं चारणारा, त्याची काळजी वाहणारा माणूस आपण, आणि आपल्या हातून हे होतंय. बाकीच्यांची औषधं करता करता त्यानं डॉक्टर सोडून सगळ्यांना विचारलं होतं.

जनावरांचा सरकारी दवाखाना लांब होता. जीपनी म्हणजे भाड्याची लांब जीप. तिच्यातले उतारू हेपेला बघून एका टोकाला असे दाटले की गाडी एका बाजूला कलली. दवाखान्यातला माणूस खिडकीतून म्हणाला, "चावला का?"

"नाही, डोळे..."

"चावण्याची शक्यता?"

"तो झाडूला घाबरतो."

"मग आज तुमचं काम नाही. आज फक्त रेबीजची लस. बाकी आजारांना गुरुवारी या, आणि कुत्रा तुमच्या वस्तीत राहतो असा कॅप्टनचा दाखला आणा."

"कॅप्टन आमच्या गल्लीकडं निवडणूक होईपर्यंत बघणार नाहीत."

खिडकीतल्या माणसानं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "नोंद घेतली." देल्फिनच्या अंगावर काटा आला. हे दोन शब्द ऐकून लोक का चिडायचे, हे त्याला निवृत्तीनंतर समजलं.

शेवटी बाजारामागच्या एका खाजगी दवाखान्यात त्याला डॉक्टर जोव्हेलिन भेटल्या. वयानं इकायएवढ्याच असतील. "या लोलो," त्या म्हणाल्या. आजोबा झाल्यापासून त्याला कोणी पहिल्यांदाच लोलो म्हणत होतं, आणि तेही कुत्र्याच्या दवाखान्यात. त्यांनी हेपेच्या पापणीत कागदाची पट्टी धरून डोळा कोरडा आहे का ते बघितलं. मग नारिंगी रंगाची दुसरी पट्टी ओलसर करून डोळ्याला लावली, दिवा मालवला आणि निळा उजेड पाडला. डाव्या डोळ्यावर एक बारीक हिरवी रेघ चमकली.

"ओरखडा आहे. डोळे आलेले नाहीत, ही साथही नाही. आणि बघितल्यानं कोणाचेच लागत नाहीत, हे तुमच्या गल्लीला सांगा. पण दोन्ही डोळे मुळात चुरचुरायला कशानं लागले? घरात काय काय घातलंत?"

देल्फिननं डच बाटली पुढं केली आणि दोनदा घातलं म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी ती वाचली आणि खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. "जखमेवर हे पडलं तर जखम भरायची राहून खोल जाते. दोनदाच घातलंत, वाचलात. लोलो, लाल डोळा ही नुसती तक्रार झाली. तक्रार कशाची ते शोधावं लागतं. धूळ असेल, डासांच्या कॉइलचा धूर असेल, आत वळलेली पापणी असेल, कोरडेपणा असेल, आतला दाब वाढलेला असेल. सगळ्यांना एकच थेंब घालून कसं चालेल?"

देल्फिननं मान खाली घातली. सगळ्या तक्रारींना एकच उत्तर देऊन त्यानं आपली नोकरी पार पाडली होती, पण हे त्यानं त्यांना सांगितलं नाही.

डॉक्टर हेपेच्या तोंडाजवळ वाकल्या आणि एकदम मागं झाल्या. त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. "हा झोपतो कुठं?"

"माझ्याजवळ. माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून."

"आणि गुडघ्याला काय लावता?"

बाहेर बाकावर बसलेली मंडळी, मांजरासकट, देल्फिनकडं बघू लागली.

"हाप्लास," देल्फिन म्हणाला.

"आणि याचे डोळे कशानं पुसता?"

"हातानं."

"कुठल्या हातानं?"

देल्फिननं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. दोन्ही सारखेच हिरवट होते.

डॉक्टरांनी हेपेच्या गळ्यात प्लास्टिकची फनेल बांधली, म्हणजे त्याला डोळे घासता येऊ नयेत. औषधाचे थेंब दिले आणि डोळे धुवायला निर्जंतुक मिठाचं पाणी दिलं. ते विकतचंच वापरायचं, घरी मीठ कालवायचं नाही. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आणि पुसायचं ते नाकाकडून कानाकडं. हात आधी साबणानं धुवायचे. हाप्लास घरातून बाहेर. "काही दिवसांनी पुन्हा दाखवा," त्या म्हणाल्या. "डोळा वाचेल. वेळेत आलात."

एवढ्या शब्दांनी देल्फिनचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्यानं कोन्सिंगला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, आणि आपल्या हातांचा वास घेतला.

"रोज संध्याकाळी मीच लावते की तुला," ती म्हणाली. "पसापसा."

"तुला कुठं माहीत होतं?"

"तुलाही नव्हतं." तिनं कपाटातल्या हाप्लासच्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि कुंपणावरून नांग पासिंगच्या हातात दिल्या. पासिंगबाईंनी त्या आनंदानं घेतल्या. डोळे आलेले नाहीत हे मात्र त्यांना पटलं नाही. त्यांनी चष्मा आणखी काही दिवस लावला, कारण तो त्यांना शोभतो असं लोर्लिन म्हणाली होती.

साबण घरात भरपूर होता. देल्फिननं हात कोपरापर्यंत घासले आणि थेंबांची बाटली घेतली. हेपेनं त्याचा हात हुंगला आणि तो ओट्याखाली पसार झाला. फनेल दारात अडकली, भांडी पडली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. इतक्या वर्षांचं तेल एका साबणानं जात नाही, आणि कुत्र्याचं नाक वशिल्यानं फिरत नाही. जो हात त्याला सगळ्यात प्रिय होता त्याच हाताला तो घाबरत होता, आणि देल्फिनला हे गुडघ्यांपेक्षा जास्त दुखलं.

"हो बाजूला," कोन्सिंग म्हणाली. तेल तिच्याही हातांना मुरलेलं होतं, पण तिनं आयुष्यात हेपेला हात लावला नव्हता, त्यामुळं त्या हातांची त्याला धास्ती नव्हती. ती जमिनीवर बसली, मांडीवर टॉवेल पसरला आणि शाळेतल्या पोराला हाक मारावी तशी म्हणाली, "हेपे. इथं." हेपे आला. तिनं कापूस ओला केला, नाकाकडून कानाकडं पुसलं, मागून हात आणून थेंब घातला, आणि पुटपुटली, "झालं, झालं, शहाणा तो." हा स्वर देल्फिननं इकाय लहान असताना ऐकला होता. दर काही तासांनी हे चालू झालं. पुढंपुढं औषधाची वेळ झाली की हेपे स्वतःच तिच्यापुढं येऊन बसे आणि फनेल वर करी. संध्याकाळी ती देल्फिनच्या पाठीला साधं खोबरेल लावू लागली. ते झोंबत नव्हतं, त्याला वास नव्हता. हात तिचाच होता, त्यामुळं गुडघ्यांना फरक पडला नाही तरी देल्फिनला पडला.

दुसऱ्या तपासणीत हिरवी रेघ दिसली नाही. पण लाली थोडी होती आणि थेंब अजून चालू ठेवायचे होते. पोलीला कुत्रा नेऊ नको असं कळवलंस का, हे देल्फिननं कोन्सिंगला विचारलं नाही. उत्तर काय येईल याची खात्री नसली की तो विचारत नसे.

रविवारी पोली आला. पाहुण्यांनी अंगण भरलं होतं, टेबलावर अख्खं भाजलेलं डुक्कर लालबुंद चकाकत होतं, चर्चमधून परतलेली इकाय बाळाला घेऊन सगळ्यांच्या मधोमध बसली होती. पोलीनं एक जाड दोर आणला होता. तो त्यानं फाटकाच्या खांबाला अडकवला आणि तिथंच खुर्ची टाकून जेवायला बसला. पोली सरळ, कमी बोलणारा माणूस. सांगितलेलं काम करायला आला होता. देल्फिननं मनात एक भाषण तयार केलं होतं. त्यात डॉक्टरांचे सगळे शब्द होते, निळा उजेड होता, आणि शेवटी एक विनंती होती. ते कधी सुरू करावं हे त्याला ठरवता येईना, कारण बाळाचे धर्मपिता म्हणून काप एर्मिन्दो आधीच उभे राहून बोलत होते. ते बाळाच्या नाकाचं कौतुक करत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळं अंगण एका आवाजात "पुवेरा उसोग" म्हणून त्यांना मदत करत होतं.

भाषणाच्या ऐन मध्यावर कोन्सिंगनं घड्याळ बघितलं आणि उठली. कॅप्टन थांबले. मोत्यांची माळ आणि शिवून घेतलेला नवा झगा घातलेली कोन्सिंग अंगणाच्या कोपऱ्यात गेली, हात धुतले आणि चक्क जमिनीवर बसली. तिनं हाक मारायच्या आधीच हेपे टेबलाखालून निघाला होता. पाहुण्यांच्या पायांमधून फनेल आपटत आपटत तो तिच्यापर्यंत पोहोचला, समोर बसला आणि त्यानं तोंड वर केलं. तिनं एक डोळा पुसला, दुसऱ्या कापसानं दुसरा पुसला, थेंब घातले. सगळं अंगण बघत होतं.

पोलीनं तोंड पुसलं आणि दोर खांबावरून काढला. "नांग, झालं असेल तर नेऊ का मग? बोट सुटेल माझी."

देल्फिन उभा राहिला. भाषणातलं एक अक्षर आठवेना. "पोली," एवढंच तो म्हणाला.

कोन्सिंगनं मागं वळूनही बघितलं नाही. ती हेपेच्या फनेलवरचे डाग पुसत होती. "न्यायचंच असेल कोणाला तर ह्याला ने," तिनं हनुवटीनं देल्फिनकडं खूण केली. "कुत्रा औषध घालताना हलत नाही. ह्याला पाठीला तेल लावायचं म्हणजे नीट बस, नीट बस म्हणून माझा घसा बसतो."

पोलीनं देल्फिनकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. थट्टा त्याला कळत नसे. बागेत आणखी एक माणूस चालला असता. "बांधून ठेवावं लागतं का?" त्यानं विचारलं.

"नाही," कोन्सिंग म्हणाली. "मोकळा सोडला तरी मला सोडून कुठं जात नाही तो."

देल्फिन खाली बसला. इकायनं बाळाला त्याच्या मांडीवर दिलं. हात धुतलेत का, असं तिनं विचारलं नाही, पण त्यानं न विचारता दोन्ही हात उघडून तिला दाखवले. कोन्सिंग झगा झटकत उठली, भावाच्या हातातला दोर काढून घेऊन तिथं डुकराच्या मांसाची ताटली दिली, आणि कॅप्टनना म्हणाली, "हं काप, नाकापर्यंत आला होतात. बोला पुढं."